गुढी नव्या घरावर

नांदुरा, १८ मार्च १९६३
घरमालक सकाळीच येऊन बसला. मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या महिनाअखेर रिकाम्या पाहिजेत. हे लगेच "हाव, हाव" म्हणून मोकळे. यांचं काय जातं. नांदुऱ्यात जन्मले, उद्या झाडाखाली राहिले तरी कोण विचारतो. माझा जन्म कराचीचा, पासपोर्ट तिकडचा. इथली होण्यासाठी लग्नानंतर अर्ज केला, तो मुंबईत कुठेतरी पडलाय. तोवर मी परदेशी. घर बदलायच्या आधी बुलढाण्याला पोलिसांकडे जाऊन नवा पत्ता नोंदवायचा, मग हलायचं. उलट झालं तर गुन्हा. मलकापूरच्या अशाच एका बाईचं काय झालं ते... नको, लिहीत नाही.

२० मार्च
नवं घर पाहिलं, स्टेशनच्या मागे. अंगणात नळ. शकू "माझं घर, माझं घर" करत दोन्ही खोल्यांतून पळाली. चार वर्षांची पोर, तिला म्हणता येतं. मला म्हणायचं तर आधी पोलीस साहेबाची सही.

२२ मार्च
हे ठाण्यात विचारून आले. बुलढाण्याचे साहेब दौऱ्यावर, पाडव्यानंतरच भेटतील. जमादारानं बजावलंय, "तवापर्यंत बाईले हलू देऊ नका."
सासूबाई भडकल्या. "पाडवा सोडून कोणी घर बदलते काय? मंग मुहूर्त कुठी आहे, आखाजीले? तवापर्यंत थांबन तुहा घरमालक?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणखी महिन्यानं.
शेवटी तोड निघाली. पाडव्याला फक्त देव आणि पाण्याची घागर न्यायची, दूध उतू जाऊ द्यायचं. सामान, माणसं इथंच, घरमालकानं आठ दिवस वाढवून दिलेत. मुहूर्तही साधेल, कायदाही मोडणार नाही. मीच हो म्हणाले. मला तरी कुठे अक्कल.

२६ मार्च, पाडवा
नव्या घरावर गुढी. माझं लग्नातलं हिरवं पातळ लावलं. दूध छान उतू गेलं. सगळी गल्ली हळदीकुंकवाला आली, दिवसभर भीती आठवलीच नाही.
संध्याकाळी निघाले तर सासूबाई दारात आडव्या. "पह्यल्या रात्री देव एकटे ठेवत नाहीत. घरच्या सवाशिणीनं दिव्यापाशी निजा लागते." तुम्ही राहा म्हटलं. "मी विधवा बाई. मले चालते काय?" यांच्याकडे पाहिलं. हे गुढीकडे बघत उभे. शकूला घेऊन निजले तिथं. झोप कसली.

२७ मार्च
उजाडल्याबरोबर जुन्या घरी आले. कोणी काही बोललं नाही. सुटलो बहुतेक.

२९ मार्च
नाही सुटलो. दुपारी जमादार आला, आधी गल्लीत विचारपूस करून. गोदाकाकू, शेजारच्या, बाळंतपणात माझं सगळं केलं त्यांनी. त्यांनीच कौतुकानं सांगितलं, "हाव, पाडव्यालेच गेली ना ते. गुढीले तिचंच लुगडं. रात्री निजली बी तिथंच." बाकीच्यांनीही तेच, भरभरून. कोणाच्या मनात पाप नाही. मग चिडायचं कोणावर?
जमादारानं चहा नको म्हटलं. 
"बाई, सांगतलं होतं मी. आता साहेबाले काय सांगू, घर सोडलं का नाही सोडलं?"
एकच रात्र, देवांसाठी, मी म्हणाले.
"मले समजते वो. कायद्यात देव नाहीत ना. सोमवारी बुलढाण्याले हजर व्हा."
आणि मग?
"साहेबाच्या मनावर आहे. दंड होते. कधी देश सोडाचा हुकूम बी निघते."
उंबऱ्यावर बसले ती उठवेना. शकू इथली, तिला कोणी जा म्हणणार नाही. मला एकटीलाच म्हणतील. कराचीत आता कोण आहे माझं? बाबा गेले, घरात दुसरी माणसं राहतात. 

३० मार्च
यांच्याशी भांडण. "एक रात्र निजली तं काय आभाळ कोसळलं?" म्हटलं, तुमच्यावर नाही कोसळत ते. सासूबाई आतून ऐकत होत्या. जेवल्या नाहीत.
शकूची वेणी घालायला यांना शिकवायला हवं. असलंच काहीतरी डोक्यात येतंय.

३१ मार्च
सकाळी अंघोळ करून सासूबाई कुठे गेल्या कळेना. पाहते तर भर गल्लीतून देव घेऊन येताहेत, ताटात, वर माझं हिरवं पातळ झाकलेलं. बसलेले देव उठवू नयेत हे आयुष्यभर त्याच सांगत आल्या. गोदाकाकू धावल्या, "अवं, काय करता हे? अपशकुन होते."
"होऊ दे. जे होईन ते माह्यावर."
जुन्या कोपऱ्यात देव ठेवले, दिवा लावला, मग माझ्याकडे वळल्या. "आता कोणी इचारलं तं सांगजो, देव इथंच हायेत. देव तिथं घर. तू काऊन घाबरून राह्यली?"
साहेब काही देव मोजत नाही. तरी पाया पडले.

१ एप्रिल, पहाटे
पहिल्या बसनं जायचं. जमादार स्टँडवर भेटेल. साहेब विचारेल, घर कधी बदललं? काय सांगू? बदललं आणि नाही बदललं.
सासूबाईंनी माझी थैली उघडून पाहिली. "दुसरं लुगडं काऊन घेतलं? काढ ते. एका लुगड्यात जाजो, त्याच लुगड्यात वापस येजो." काढलं. हिरवंच होतं.
शकू झोपलीय. उठवलं तर रडेल, मग माझं पाऊल निघणार नाही. पातळ तिच्या अंगावर घातलं. उठल्यावर आई कुठे विचारेल. सासूबाई म्हणतात, मी पाहते. थैलीची गाठ त्यांनी दोनदा बांधली.
हे बाहेरून हाक मारताहेत.