मंगळवारी वाजलेलं दार

कॅपलिन आर्म, न्यूफाउंडलंड
७ नोव्हेंबर १९९१

चि. अँब्रोज यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मेव्हण्याचा गुडघा थंडीबरोबर कुरकुरायला लागलाय आणि गुडघ्याबरोबर सिरिल. बटाटे तळघरात गेले, लाकडं फोडून झाली. तुझ्यासाठी काढलेली मुरंब्याची बाटली तू इथेच विसरलास, खिडकीत ठेवली आहे.

मंगळवारी दार वाजलं तेव्हा मी भांडी घासत होते. सिरिलला म्हटलं, "अरे देवा, कोण गेलं?" आपल्याकडे स्वयंपाकघराचं दार वाजवतं कोण? पाद्री, नाहीतर पोलीस. बाकीचे दार ढकलून आत येतात आणि आधी किटली चाचपतात. उघडून बघते तर तू! लांब कोट, हातमोजे हातात. "वेळ आहे ना, फिलोमिना?" म्हणालास. मासेमारीमंत्री होतास तेव्हासुद्धा याच दारातून चिखलाच्या बुटांनी आत यायचास आणि माझ्या शिव्या खायचास.

चहा अर्धाच प्यालास. हवेचं बोललास, आईच्या थडग्यावरचा दगड कलल्याचं बोललास आणि गेलास.

काल सकाळी तुमच्या कंपनीच्या मॅनेजरनं आमच्या मासळीच्या कारखान्यात मशीन थांबवून सांगितलं, हंगाम संपला की कुलूप. मासे कापायचं काम दक्षिणेकडच्या मोठ्या कारखान्यात जाणार. कुणी ओरडलं नाही. माझ्या शेजारी उभी राहणाऱ्या नोरानं सुरी पुसली आणि विचारलं, "काल तुझा भाऊ आला होता म्हणे. काय म्हणाला?"

"चहा चांगला झालाय म्हणाला."

सगळ्या हसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे.

दर निवडणुकीला याच बायकांच्या घरोघरी मी तुझ्यासाठी फिरले. मंत्रिपद गेलं आणि कंपनीनं तुला वरच्या खुर्चीत बसवलं, तेव्हाही मीच सांगत सुटले, "आपला माणूस वर बसलाय, काळजी कसली?" मासळी घटल्याचे तुझे आकडे खरे असतील. जाळी दरवर्षी हलकी होतायत, आम्हालाही डोळे आहेत. तू मला आधी सांगायला आला होतास आणि तोंडातून शब्द फुटला नाही, एवढंही मला कळतं. लहानपणीही तुझं असंच होतं. रागवावं म्हणते, पण दिवसभर गार पाण्यात हात घालून आल्यावर तेवढं बळ उरत नाही.

सतरा तारखेला, रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे. मॅनेजरला पाठवू नकोस, तू ये. लोक बोलतील, नोरा तर कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. उभा राहून ऐकून घे. मी तुझी बाजू घेणार नाही, पण पहिल्या रांगेत बसेन.

मग घरी ये. किटली चुलीवर असेल. दार ढकल आणि आत ये. वाजवलंस, तर कुणीतरी गेलं असं मी समजेन, आणि या वेळी कोण ते विचारणार नाही.

अजून तुझीच थोरली,
फिलोमिना