हेन्नरच्या तीन चित्रपटांची आणि माझ्या नावाची व्यवस्था

मी, रविंद्र दीनानाथ टिपणीस, वय ६२, मूळचा पुण्याचा, निवृत्त इंजिनीअर, राहणार क्रेगीबर्न, मेलबर्न, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी फोनवर बोलून लेखी कळवलं आहे. २००४ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एका माणसाचा उल्लेख ‘भाडेकरू’ असा आहे. तो उल्लेख खोटा होता.

१. तो माणूस म्हणजे हेन्नर लिंडाउ, चित्रपट दिग्दर्शक, माझा जोडीदार. जर्मनीतल्या कासेल गावच्या खाटकाचा मुलगा. १९९४ मध्ये आपला पहिला चित्रपट घेऊन तो मेलबर्नला आला आणि राहूनच गेला. पुढे आमच्यासारख्यांच्या चित्रपटांचा एक छोटा महोत्सव त्याने चोवीस वर्षं चालवला. दरवर्षी दोनशे चित्रपट बघायचा, चाळीस निवडायचा आणि नाकारलेल्या प्रत्येकाला हाताने पत्र लिहायचा. १९९६ मध्ये तसं एक मला आलं. “तुमची फिल्म वाईट आहे, आवाज त्याहून वाईट. पण भाजी घेणाऱ्या त्या बाईला कॅमेरा आहे हे कळलेलंच नाही. हे कसं जमवलंत? कॉफी प्यायला या.” मी गेलो. फिल्म पुन्हा केली नाही.

२. क्रेगीबर्नचं घर, त्यातल्या सामानासह, माझी पुतणी चिन्मयी हिला द्यावं. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. राज्यांच्या सीमा बंद असल्याने वर्षभर भेट नाही. युनिव्हर्सिटीत असताना आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी चहा घेताना म्हणाली, “काका, ही इज युअर पार्टनर, राइट? मला लपवून सांगू नकोस हां. नो वरीज.” आमच्या घराण्यात एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं. मी उठून दूध आणायला गेलो. फ्रिजमध्ये दूध होतं.

३. हेन्नरच्या तिन्ही चित्रपटांची रिळं मागच्या खोलीत आहेत. तिथला एसी बंद करू नये. ती चित्रपट जपणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावीत, पण एका अटीवर. तिन्हींच्या श्रेयनामावलीत ‘सबटायटल्स: आर.’ एवढंच आहे. तिथे माझं पूर्ण नाव घालावं. ‘आर.’ हा माझाच हट्ट होता. पुण्यात कोणी पाहील ही भीती. तिसऱ्या चित्रपटात दोन पुरुष रविवारचा स्वयंपाक करतात. एकाचा चेहरा दिसतो, दुसऱ्याची फक्त पाठ. ती माझी. हेन्नरने चेहऱ्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली, मग पाठीवरच चित्रपट पूर्ण केला.

४. त्या चित्रपटाची एक डीव्हीडी, मी केलेल्या मराठी सबटायटल्ससह, माझा धाकटा भाऊ अजित याला द्यावी. त्याने ती एकदा तरी शेवटपर्यंत बघावी. २००९ मध्ये अजित आणि त्याची बायको आले, तेव्हा हेन्नर तीन आठवडे महोत्सवाच्या ऑफिसातल्या सोफ्यावर झोपला. अजितने असं काही मागितलं नव्हतं. तो दोष सर्वस्वी माझा, हे इथे नोंदवतो. अजितवरचा माझा राग वेगळा आहे. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. “तो तुझा मित्र गेला म्हणे. वाईट झालं. आता एकटा कशाला राहतोस? परत ये, इथला फ्लॅट रिकामाच आहे.” मी “बघू” म्हणालो. तेव्हाही सांगितलं नाही.

५. लग्नाबद्दल. २०१७ मध्ये इथे कायदा झाला, त्याच दिवशी स्वयंपाकघरात हेन्नरने विचारलं. मी म्हणालो, “आई आहे तोवर नको.” आई गेल्या नोव्हेंबरात गेली. आम्ही २३ मे ही तारीख धरली. फेब्रुवारीत तो चित्रपट निवडायला जर्मनीला गेला, मार्चमध्ये विमानं बंद झाली, एप्रिलमध्ये तो कासेलच्या हॉस्पिटलात होता. मला देश सोडायला परवानगी हवी होती आणि त्यासाठी नात्याचा पुरावा. घर माझ्या नावावर, बिलं त्याच्या, फोटोत आम्ही कधी शेजारी उभे नाही. चोवीस वर्षं मी पुरावा पुसत आलो होतो. तो गोळा करण्यात नऊ दिवस गेले. परवानगी आली, तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. नर्सने फोन धरला होता. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारलं, “रवी, जेवलास का?” मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

६. हेन्नरने नाकारलेल्या एकसष्ट चित्रपटांना पत्रं जायची राहिली होती. महोत्सवाने ते काम सोडून दिलं. इथल्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट, मी ते सगळे एकट्याने पाहिले आणि पत्रं लिहायला घेतली. एकोणीस बाकी आहेत. तेवढ्यात मी गेलो तर चिन्मयीने लिहावीत. खोटी स्तुती करू नये. एक तरी चांगली गोष्ट शोधल्याशिवाय पत्र बंद करू नये.

७. माझं दहन करावं, विधी नकोत. विमानं सुरू झाल्यावर राख कासेलला न्यावी. मृत्यूच्या नोंदीत ‘अविवाहित’ लिहू नये. कायद्याला ‘विधुर’ मान्य नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा.

८. साक्षीदारांना काही ठेवू नये असं वकिलांनी सांगितल्याने शेजारच्या कांता आणि भास्कर यांना इथे काही दिलेलं नाही. ऑगस्टपासून कांता दर गुरुवारी लेटरबॉक्सवर डबा ठेवते. त्याची परतफेड या कागदात होणार नाही.

सही करताना वाढवलेला मजकूर: लॉकडाउनमुळे घरात कोणी येऊ शकत नाही, म्हणून सह्या ड्राइव्हवेवर, गाडीच्या बॉनेटवर होत आहेत. वारा आहे. कागद उडू लागला तेव्हा कांताने पुढे येऊन त्यावर हात ठेवला. भास्कर मास्कमधून म्हणाला, “अगं, अंतर ठेव.” ती म्हणाली, “कागद उडेल ना,” आणि हात काढला नाही. फेब्रुवारीत विमानतळावर हेन्नरला सोडलं, त्यानंतर माझ्या इतक्या जवळ कोणी आलेलं नाही. मी सही मुद्दाम सावकाश करत आहे.

(सही) रविंद्र दीनानाथ टिपणीस

साक्षीदार, दोघे एकाच वेळी समक्ष हजर:
(सही) भास्कर खोब्रागडे
(सही) कांता खोब्रागडे

क्रेगीबर्न, व्हिक्टोरिया
रविवार, ११ ऑक्टोबर २०२०