कबुतरं नसलेला कबुतरखाना

प्रिय नुझा,

लग्न होऊन तू इस्कंदरियेला गेलीस त्याला बावीस वर्षं झाली, तरी गच्चीवर गेले की तुमच्या कठड्याकडे नजर जातेच. रमजानात तू आमच्या गच्चीवर येऊन चोरून खजूर खायचीस आणि आम्हा यहुद्यांच्या मोठ्या उपासाला मी तुमच्या गच्चीवर. दोन्ही घरच्या देवांना आपण सारखंच फसवलं! फार आठवण येते गं तुझी.

तुला ती खोली आठवते? खालच्या रंगाच्या भट्टीच्या धुराने आईचा दमा उसळायचा, म्हणून बाबांनी गच्चीवर खोली बांधली. रंगाऱ्याचा अंदाज कापडात पक्का, विटांत कच्चा. खोली तुमच्या घरापेक्षा दोन हात वर गेली. यहुद्याचं घर शेजारच्या मुसलमानाच्या घराहून उंच नसावं, हा इथला नियम. बाजार-तपासनीस येऊन "पाडा" म्हणून गेला.

तुझ्या अब्बांना कबुतरांचा भारी तिटकारा. तरी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून त्यांनी तुमच्या गच्चीवर चार हात उंच कबुतरखाना उभा केला आणि वरून ओरडले, "काय रंगारीबुवा, आता आहात ना माझ्या खाली? मग वहिनींना वर झोपवा आणि गप बसा!" सगळी गल्ली हसली, बाबाही हसले. पण त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. का, ते मला फार उशिरा कळलं: मित्राचा उपकारही त्यांना 'खाली' राहूनच घ्यावा लागला होता. कबुतरखान्यात मात्र तुझ्या आईच्या लोणच्याच्या बरण्याच राहिल्या.

अब्बांच्या माघारी तुझा भाऊ जाफर घर विकायला निघालाय, आणि त्याआधी कबुतरखाना पाडणार आहे. "रिकामा कबुतरखाना कुणाला हवाय?" म्हणतो. तो पडला की आमची खोली पुन्हा दोन हात वर. आई तिथेच असते. पाय गेलेत, डोळे गेलेत. खाली धुरात आणली तर महिनाही काढणार नाही. त्या घरात तुझाही वाटा आहे, तुझ्या संमतीशिवाय वीट हलणार नाही. दोन साक्षीदारांसमोर दोन ओळी लिहून पाठव, आई आहे तोवर कबुतरखाना राहू दे म्हणून. आई रोज विचारायची, "नुझाच्या अब्बांची कबुतरं आली का गं?" मी खोटंच हो म्हणायचे. परवा बाजारातून दोन जोड्या आणून गुपचूप कबुतरखान्यात सोडल्या. अब्बा मला माफ करोत. सकाळी आईने कान टवकारले आणि म्हणाली, "आज खरंच आली."

तुझीच,
मुबारका