सात नंबर की बारा नंबर

३ ऑक्टोबर ९७, शुक्रवार
सुट्टी गेली. इथल्या अमेरिकन नेव्हीच्या बेसवरचा आमचा सुपरवायझर वॉल्ट, त्याच्या जुफैरच्या फ्लॅटचा एसी बंद. गॅस लीक. भरायला वेळ लागणार होता, तर म्हणाला, बस, टीव्ही बघ.
अमेरिकेच्या कॉलेजांची फुटबॉल मॅच, व्हिडिओ कॅसेटवर. त्याची बहीण पोस्टाने पाठवते. नाव फुटबॉल आणि बॉल हाताने फेकतात! सगळे एकमेकांच्या अंगावर. मधे एक जण उभा, क्वार्टरबॅक. बॉल कोणाला द्यायचा, कुठे फेकायचा, सगळं त्याच्यावर. समोरचे त्यालाच पाडायला धावतात.
निघताना वॉल्ट म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी ये. टूल्स आणू नको."
ओके म्हटलं.

१० ऑक्टोबर, शुक्र.
गेलो. मोहिते (रूममेट, साताऱ्याचा, ड्रायव्हर) म्हणाला, "साहेबाच्या घरी बिनकामाचा चाललास? जपून हं मिलिंद."
वॉल्टकडे दोन कॉलेजांच्या कॅसेटी आहेत, मागच्या सीझनच्यासुद्धा. लाल कपड्यांच्या टीमचा क्वार्टरबॅक नंबर सात. निळ्या टीमचा नंबर बारा. वॉल्ट एकदा याची मॅच लावतो, एकदा त्याची. मग विचारतो, मोठी मॅच असेल तर तू कोणाला उभा करशील?
सात दिसायला छान. हात लांब, बॉल सरळ जातो, पोरगा वाऱ्यासारखा पळतो. पण साध्या मॅचमधे. बारा ठेंगणा, जाड, पास वेडेवाकडे. पण मागच्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला नाकातून रक्त आलं, पुसलं, परत उभा राहिला आणि जिंकून दिली. त्याच आठवड्यात सातने त्याच्या मोठ्या मॅचला शेवटचा बॉल सरळ समोरच्या टीमच्या हातात फेकला.
मी म्हटलं, "बारा. सात मोठ्या मॅचला घाबरतो."
वॉल्टने कॅसेट बाहेर काढली. मग म्हणाला, "वीस वर्षांचा आहे तो."
मनात म्हटलं, बारा पण वीसचाच असेल की.

२४ ऑक्टो., शुक्र.
सकाळी घरी फोन. अमरावतीला थंडी सुरू झाली म्हणे. रंजनाने पहिलंच विचारलं, "तुमी येऊन राहिले का नाही, ते सांगा ना एकदाचं." ऑफिसला जानेवारी संपायच्या आत सांगायचंय, काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही. मी म्हटलं बघू.
सुजूला दे म्हटलं. पोरगी बारावीत आहे यंदा. "हं बाबा. हो. बरं. ठेवू?" बस. कोण्या कंपनीशी बोलावं तसं. मी विचारतो ते तरी काय, अभ्यास कसा चाललाय, जेवली का. दुसरं सुचत नाही. इथे आखातात आलो तेव्हा चौथीत होती. त्या सुजूशी बोलता येत होतं.
दुपारी वॉल्टकडे. सात परत भारी खेळला. पण मॅच छोटी. मी म्हटलं, ही धरायची नाही. वॉल्ट हसला. आता आमचं दोघांचं हेच चालतं. कोणती धरायची, कोणती नाही.
बरं वाटतं तिथे. खोलीवर शुक्रवार फार लांबतो.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
आज जे झालं ते लिहू की नको.
जुनी मॅच होती. सातने बॉल हातातून सोडला, गडबडीत. मी नेहमीसारखं, "बघा, परत हात थरथरले." त्याच वेळी कॅमेरा बसलेल्या लोकांवर गेला. हिरव्या टोपीतली एक बाई, तोंडावर हात धरून. वॉल्टने कॅसेट थांबवली.
"ती माझी बायको होती," म्हणाला. "आणि सात नंबर माझा मुलगा. डॅनी."
पाठीवर आडनाव वेगळंच आहे म्हटलं. म्हणाला, सावत्र बापाचं. त्यानेच वाढवलं. वॉल्ट आधी जहाजावर, मग जपान, मग इथे. मुलाची एकही मॅच मैदानावर जाऊन बघितली नाही. आता फोन केला तर डॅनी घेत नाही. निरोप ठेवायचं मशीन बोलतं.
मला जमिनीत जावंसं वाटलं. सॉरी म्हटलं, दोनतीनदा. म्हणाला, "का? तू खरं तेच बोललास. म्हणून तर तुला बोलावतो. बेसवर कोणाला सांगितलं असतं तर सगळे माझ्या तोंडावर त्याचं कौतुक करत बसले असते."
परत येताना टॅक्सी केली नाही. गुदैबियातल्या खोलीपर्यंत चालत आलो.

५ डिसेंबर, शुक्र.
उद्या सहा डिसेंबर. पण शनिवार, ड्यूटी. म्हणून आजच आपली माणसं आमच्या खोलीत जमली. बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, वंदना. मोहिते पण मागे बसला होता, डोक्यावर रुमाल घेऊन. नंतर चहा त्यानेच केला.
सगळे गेल्यावर खोली जास्तच रिकामी झाली.
वॉल्टकडे जावं का? नाही गेलो. तीन शुक्रवार नाही गेलो. कामावर भेटतो, "फिल्टर बदलले?" "बदलले." तेवढंच. चूक त्याची नाही. मलाच आता सातबद्दल तोंड उघडवत नाही.

१९ डिसें., शुक्र.
वॉल्ट स्वतः खोलीवर आला! जिना चढून. मोहितेने घाईने दोरीवरची बनियनं काढली.
वॉल्टने बसायला जागा शोधली नाही, उभ्यानेच सांगितलं. एक जानेवारीला लाल आणि निळे समोरासमोर. सीझनची शेवटची, सगळ्यात मोठी मॅच. सात विरुद्ध बारा. बहिणीला सांगितलंय, फोनवर निकाल सांगायचा नाही, नुसती कॅसेट पाठव.
"तू येशील ना?"
येईन म्हटलं.
मोहिते नंतर म्हणाला, "म्हातारा लई एकटा पडलाय रे." मी म्हटलं, म्हातारा नाही तो, पंचावन्नचा असेल. मोहिते म्हणाला, "तेच ते."

३ जानेवारी ९८
रोजे चालू. बाजार दिवसा थंड. बेसवर मात्र सगळ्यांच्या तोंडी मॅच. मेसच्या डक्टचं काम करताना दोन सेलर बोलत होते, निकाल कानावर पडलाच. वॉल्ट मेसमधे येतच नाही सध्या. सँडविच स्टोअरमधे खातो. मला बघून म्हणाला, "तुला माहीत आहे. चेहऱ्यावर दिसतंय. बोलू नको."
नाही बोललो. जड गेलं.

१६ जाने., शुक्र.
कॅसेट आली. पोचलो तर वॉल्ट बूट घालून तयार.
"तू आधी बघ. मी खाली समुद्रावर आहे. झाली की ये."
मी म्हटलं, मी एकटा? म्हणाला, "मला कसा खेळला ते ऐकायचंय. कोणाकडून तरी ऐकलं की मग बघेन."
त्याच्या सोफ्यावर एकटाच बसून पूर्ण मॅच बघितली. सात हरणार माहीत असूनसुद्धा जागचा उठलो नाही.
सातला मारला मारला मारला. प्रत्येक वेळी उठला. बारा तसाच, थंड डोक्याचा, चुकतच नाही. शेवटी निळे थोडेसे पुढे, वेळ संपत आलेली. सातच्या अंगावर दोघं धावत आले, तो हलला नाही. बॉल फेकला, लांब, बरोबर आपल्या गड्याच्या छातीवर. त्याच्या हातातून निसटला. खलास.
पण नंतरचं. बारा निळ्यांच्या खांद्यांवर नाचत होता. ज्या पोराच्या हातून बॉल सुटला, तो बाकावर डोकं धरून बसलेला. कोणी जवळ जाईना. सात गेला. शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. कॅमेरा हलेपर्यंत बसून होता.
खाली गेलो. वॉल्ट दगडावर बसला होता.
"हरला?"
"हरला. पण घाबरला नाही. शेवटचा बॉल एकदम बरोबर होता. पोराने सोडला." मग बाकाचं सांगितलं. नीट सांगता येईना, इंग्रजी अडलं, हाताने करून दाखवलं. वॉल्टच्याच पाठीवर हात ठेवून.
तो उठला, पँट झटकली. मग वर आलो. त्याने फक्त शेवटचा भाग बघितला. बाकाशी आला की कॅसेट परत मागे. परत.
"आता सांग," म्हणाला. "मोठी मॅच असेल तर?"
खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो. "जिंकायची असेल तर अजून बाराच. पण खोलीत सोबतीला कोण पाहिजे विचाराल, तर सात."
वॉल्ट इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग नुसतेच पुसत राहिला.

२३ जाने., शुक्र.
वॉल्टने माझ्यासमोर डॅनीला फोन लावला. मशीनच. "काय बोलू?" मला विचारतो! मी म्हटलं, बाकावर जे केलं ते बघितलं, एवढंच सांगा. तेवढंच बोलला. इथला नंबर सांगितला आणि ठेवला.
ऑफिसमधून परत विचारणा, काँट्रॅक्टचं काय. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटलं.

३० जाने., शुक्र.
ईदची सुट्टी. सीझन संपला, नवी कॅसेट नाही. वॉल्ट म्हणाला होता, तरी ये. चहा घेत बसलो, टीव्ही बंद.
चारच्या सुमाराला फोन वाजला. वॉल्टने उचलला. "हॅलो" म्हणाला. चेहरा पांढरा. मी खुणेने विचारलं, डॅनी? मान हलवली.
मी बाल्कनीत गेलो, काच लावून घेतली. आतलं ऐकू येत नव्हतं. वॉल्ट ताठ उभा, एकदम नेव्हीवाला. तोंड हलत नव्हतं. नुसता ऐकत होता. पलीकडचा शिव्या देत होता की काय, देव जाणे. पण फोन कोणीच ठेवत नव्हतं.
मग मी हळूच आत येऊन चपला हातात घेतल्या आणि निघालो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.
बाजाराच्या कमानीजवळच्या (बाब म्हणतात इथे) फोन बूथला आज ही गर्दी. बंगाली, मलबारी, पाकिस्तानी, नवे कपडे घालून सगळे घरी फोन लावायला. मीही रांगेत. सुजूला विचारायचं ठरवलं की बाई, तू दिवसभर करते काय, मला पहिल्यापासून सांग. कितीही वेळ लागू दे. रंजनाला काय सांगायचं, येतो की थांबतो, ते मात्र ठरलं नव्हतं.
पुढच्या पठाणाने बूथचं दार उघडलं. बाहेर येता येता दार माझ्यासाठी धरून हसून म्हणाला, "यल्ला, भाई."