एकतिसावा किलोमीटर

१० मार्च, सोमवार

भरला फॉर्म! पुन्हा तीच शर्यत — पन्नास किलोमीटर. धाराशिवहून तुळजापूरच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. सत्तावीस एप्रिल, सकाळी सहा ते दुपारी तीन. नऊ तास. तीननंतर आलेल्याला मेडल नाही.

गेल्या वर्षी एकतिसाव्या किलोमीटरला पडले. बाभळीजवळ. शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन आणि उशाशी नवरा, मल्लेश. तेव्हापासून सास्तुरात मी उमादेवी राहिलेच नाही, 'सलाईनवाली' झाले. आज आमच्या पिठाच्या गिरणीत शिवशंकर किराणावाला दळण ठेवता ठेवता म्हणतो, "वैनी, यंदा पळत जानार का डायरेक गाडीतच बसनार?" त्याची ज्वारी मुद्दाम जाड दळली. खा भरड!

चव्वेचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे का?

१२ मार्च, बुधवार

उन्हाची सवय उन्हातच होणार. साडेअकराला निघाले, माकणीच्या रस्त्यानं, चाळीस मिनिटं. डोक्याला ओला पंचा, अंगात मल्लेशचा लांब बाह्यांचा शर्ट. तीन मोटारसायकली थांबल्या. बाई भर दुपारी पळतेय म्हणजे काहीतरी घडलंच असणार! पहिला म्हणाला, "कुनाला काय झालं का मावशी? सोडू का दवाखान्यात?" दुसरा, "येस्टी चुकली व्हय?" तिसऱ्यानं काही न विचारता मोबाईल काढला. त्याला दगड दाखवला. गेला.

परत आले तर गिरणीच्या दारात आत्याबाई रांजणाशी बसलेल्या. माझ्या सासूबाई, गंगम्मा. वय चौऱ्याहत्तर. उन्हातून आलेल्या प्रत्येकाला पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. कोणी सांगितलेलं नाही. माहेर कर्नाटकात, आळंदकडचं, म्हणून पाणी कानडीतच देतात — "नीरु कुडी. आधी पानी पी, मग दळन." माझ्याही हातात तांब्या दिला. बोलल्या मात्र नाहीत. माझ्या पळण्यावर त्या चांगलं-वाईट काहीच बोलत नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडतील!

१३ मार्च, गुरुवार

मांड्या भरून आल्यात. घराला जिना नाही हे किती बरं.

२१ मार्च, शुक्रवार

शौनक सरांचा फोन. शर्यत भरवतात ते. आवाज गोड, बातमी कडू. गेल्या वर्षी जे पडले त्यांनी यंदा डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं. का पडले ते त्यात लिहिलेलं पाहिजे. शिवाय घरच्यांची सही. "नियम सगळ्यांनाच आहे, ताई." सगळे म्हणजे कोण? पडलेली मी एकटीच होते!

मल्लेशला सांगितलं. तो गिरणीचा पट्टा बसवत होता, वर बघितलंसुद्धा नाही. "माझी सही मागू नगं. सलाईनची बाटली धरून म्या हुबा हुतो. तू न्हाय."

खरंच होतं ते. म्हणून भांडले.

२५ मार्च, मंगळवार

आज आंबील नेली. ताक, ज्वारीचं पीठ, मीठ, आलं. येळवशीच्या सणाला तीच पिऊन माणसं दिवसभर शेतात हिंडतात, तर पळताना का नको? शहाणपणा करून प्लास्टिकच्या बाटलीत भरली आणि झाकण गच्च आवळलं. ऊन चाळीसच्या पुढं. तासाभरानं पाठीवरच्या पिशवीत फटाका! केसांत आंबील, कानात आंबील. तरी दोन तास पुरे केले. माकणीपासून एक कुत्रं मला चाटायला मागं लागलं होतं, त्यामुळं वेग जरा वाढला.

आत्याबाई बघून हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या! मग म्हणाल्या, "झाकनाला भोक पाडायचं असतंय, येडे."

२९ मार्च, शनिवार

उमरग्याला डॉक्टर चारुशीलांकडं. रक्त, बीपी, ईसीजीची पट्टी — सगळं नीट. "मग पडलात कशानं?" म्हटलं, ऊन. "पाणी पीत होतात?" म्हटलं, हो. त्यांनी मोबाईलवर गेल्या वर्षीच्या शर्यतीचे फोटो उघडले. प्रत्येक टेबलापाशी माझ्या हातात पाण्याचा ग्लास. "पाणी तर दिसतंय. म्हणजे कारण दुसरं आहे. ते कळल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

बाई खमकी आहे. आवडली मला. राग पण आला.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली, पोळ्या झाल्या, सगळे आडवे झालेत. इथं तरी खरं लिहावं.

तो ग्लास मी डोक्यावर ओतत होते. प्रत्येक टेबलावर. एक घोटही प्यायले नाही.

आमच्या घरात आधी अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि मग पाणी. लग्न होऊन आले त्याच दिवशी आत्याबाईंनी सांगितलं होतं, "पूजेआधी पानी न्हाय. या घरात कदीच न्हाय." चोवीस वर्षांत मोडलं नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही. गेल्या वर्षी शर्यतीवाल्यांनी आदल्या दिवशी आम्हाला मंगल कार्यालयात उतरवलं. पहाटे उठले तर नळाला थेंब नाही. अंघोळ नाही, म्हणून पूजा नाही, म्हणून पाणी नाही. मनात म्हटलं, नऊ तासांचं काय एवढं! मस्ती. दुसरा शब्द नाही.

आणि सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर अख्ख्या गावानं आत्याबाईंना नावं ठेवली असती. सासूनं सुनेला तहानलेलं पळवलं म्हणाले असते. जी बाई रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून पाणी पाजते, तिला! त्यापेक्षा ऊन बरं. उन्हाला किती का नावं ठेवा, त्याला काय.

मला सलाईनवाली म्हणा. म्हणा! पण मी पळणार.

९ एप्रिल, बुधवार

साडेदहा ते पावणेदोन. डांबर बुटाला चिकटत होतं. पळाले! शिवशंकरच्या दुकानासमोरून मुद्दाम दोनदा गेले.

१२ एप्रिल, शनिवार

पंधरा दिवस राहिले आणि कागद नाही. मग काय करते! उमरग्याला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कारणाच्या जागी एवढंच लिहिलं — पाणी प्यायल्या नाहीत. मग विचारलं, "यंदा पूजा नाही झाली तर प्याल?"

हो म्हणायला काय जात होतं? पण एकदा खरं बोलायला लागले की मला थांबता येत नाही. म्हटलं, नाही. हात तोंडापर्यंत जाणारच नाही माझा.

"मग तुमची पूजा वेळेत होईल याची जबाबदारी घरचं कोणीतरी घेऊ दे. त्याच माणसाची सही."

घरी येऊन मल्लेशला सांगितलं. "यड्यावानी वर्षभर पोटात ठिवलंस?" मग म्हणाला, "नियम आईचा हाय. आईला सांग."

सांगितलं. रांजणाशीच. त्यांच्या हातात तांब्या होता. "घोटभर तरी..." एवढंच म्हणाल्या. तांब्या खाली ठेवला, उठल्या, आत गेल्या. संध्याकाळपर्यंत रांजणाशी कोणी नव्हतं. लोक आपापल्या हातानं पाणी घेत होते.

मला रडू आलं. हे मी सांगायलाच नको होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

तीन दिवसांनी आत्याबाई बोलल्या. "आन तो कागद."

सही केली — कानडीत! चौथीपर्यंत शिकल्यात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. शौनक सरांना वाचता येणार नाही. नाही तर नाही! वर हुकूम — "म्या बी येनार. अंगुळीचं पानी घरनं न्यायचं. पूजा कशी हुत न्हाय बघते."

२६ एप्रिल, शनिवार. धाराशिव

येस्टीत मोठा कॅन घेऊन चढलो. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, धाराशिवात पानी इकाया निघालाव व्हय?" आत्याबाई म्हणाल्या, "तुला पाजू का?" सगळी गाडी हसली. पण झाकण नीट बसलं नव्हतं. आंबिलीच्या वेळी गच्च लावलं, पाण्याच्या वेळी सैल. माझंच काम! उतरलो तेव्हा कॅन निम्म्याखाली.

तेच मंगल कार्यालय. नळ कोरडाच. प्यायच्या पाण्याचे जार आहेत, त्यावर पाटी — फक्त पिण्यासाठी. कॅनमध्ये एका अंघोळीपुरतं पाणी. मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "तू कर अंगुळ. सकाळी टँकर येनार हाय, म्या इचारलंय. तवा म्या करते."

बरं झालं. झोपते आता.

२७ एप्रिल, रविवार

पोहोचले. आठ तास त्रेपन्न मिनिटं! मेडल इथं वहीवरच ठेवलंय. पहाटे माझी अंघोळ-पूजा झाली होती, त्यामुळं प्रत्येक टेबलावर पाणी प्यायले.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. एकतिसावा किलोमीटर, तीच बाभळ, पाण्याचं टेबल. टेबलामागं आत्याबाई. शौनक सरांच्या गाडीतून आल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ग्लास देत होत्या — "कुडी, कुडी." ओठ पांढरे पडलेले. मी विचारलं, टँकर आला का? त्यांनी मान फिरवली. अकरा वाजून गेले होते! अंघोळ नाही, पूजा नाही, पाणी नाही. मला सांगणारही नव्हत्या.

मी रस्त्यातच बसकण मारली. म्हटलं, तुम्ही प्यायल्याशिवाय उठणार नाही. "ऊठ, येळ चाललाय!" म्हटलं, चालू दे. मागची दोन माणसं पुढं निघून गेली. सहा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो. मग मी ग्लास भरून त्यांच्यापुढं धरला. "कुडीरी, आत्याबाई."

त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले. आधी त्या प्यायल्या. मग मी.