जबड्यात अडकलेलं 'नको'

तीर्थरूप दादांच्या पायांशी त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की जबड्यात कळ येते, तरी वाकलो आहे याची नोंद घ्यावी.) तुमच्या डोळ्यांना आता आराम असेल, थेंब वेळेवर पडत असतील. तुम्हाला अजून वाचायची बंदी आहे, तेव्हा हे पत्र तुमची बहीणच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार हे मी जाणून आहे. वाचताना ती तिला न आवडलेली वाक्यं गाळते, म्हणून ती थांबली की 'हं, पुढे' म्हणत जा.

इकडची हकीकत अशी, की माझा जबडा बिनसला आहे. सुरुवात कानापासून झाली. घास चावला की डाव्या कानात कट् असा आवाज यायचा, शर्टाचं बटण तुटावं तसा. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, कान उत्तम आहेत, फक्त ऐकायचं मनावर घ्यायला हवं. (हे त्यांना कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.) शेजारचा घड्याळवाला म्हणाला, अक्कलदाढ येत असेल. या वयात येत असेल तर अडवू कशाला, म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. अक्कल काही आली नाही. मग एका दुपारी एका धष्टपुष्ट गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेताना मला जांभई आली, आणि आ वासला तो वासलेलाच राहिला. मिटेचना. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या कमरेचा आकडा बघून मला धक्का बसलाय. तो भयंकर चिडला. मला खुलासा करायचा होता, पण उघड्या तोंडाने माणसाला काहीच बोलता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी घड्याळवाल्याने माझ्या तोंडावर अस्तराचा तुकडा धरला आणि गळ्यात टेप तसाच लोंबकळत असताना मला भर रस्त्यातून दातांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई बांध्याने एवढ्याशा, पण त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवून जबडा असा खाली दाबून मागे सारला की तो मुकाट्याने जागेवर गेला. मग त्यांनी समजावून सांगितलं. कानापुढे जबड्याचा सांधा असतो, त्यात एक पातळ गादी असते, ती माझी सरकली आहे. मी म्हटलं, म्हणजे कॉलर ताठ राहायला आत घातलेला कॅनव्हास सरकतो तसं. त्या म्हणाल्या, कॉलर उसवता येते, हे उसवता येत नाही. मग दातांचं माप घेतलं. मापं मीही घेतो, पण गिऱ्हाइकाच्या तोंडात ओला लगदा कोंबून 'हलू नका' म्हणत नाही. त्या मापावर त्यांनी दातांवर घालायची एक पारदर्शक टोपी करवून घेतली आणि मला ट्रायलला बोलावलं. ती डावीकडे दाटत होती. मी सांगितल्यावर त्यांनी घासून सैल केली, आणि याचे वेगळे पैसे नाहीत म्हणाल्या. (आपल्या धंद्यात हा मोठेपणा कुणी दाखवत नाही.) सुरुवातीला ती रात्रंदिवस घालायची, मऊ खायचं, गरम फडक्याने शेकायचं, जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची, आणि ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे ठेवायचे.

हे शेवटचंच मला जमेना. त्यांनी विचारलं, दिवसभर दात आवळून बसता, कुणाशी बोलत नाही का? मी म्हटलं, गिऱ्हाइकांशी बोलतो. त्या म्हणाल्या, ते नाही विचारलं. मग विचारलं, दोरा दातांनी तोडता का? तोडतो. पूर्वीपासून? आणि दादा, इथे माझी खरी पंचाईत झाली. पूर्वी नव्हतो तोडत. खिडकीशी स्टुलावर बसून तुमची बहीण काजं-बटणं करायची, आणि माझी शिवण टोकाला आली की मान वर न करता कात्री पुढे करायची. मी कधी मागितली नाही, तिने कधी विचारलं नाही. आता शिवण टोकाला येते, मी डावा हात पुढे करतो, हातात काही येत नाही, मग तोंड दोऱ्याकडे जातं. (ती थांबली असेल. 'हं, पुढे' म्हणा.)

तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं तेव्हा तिचा फोन आला होता. आता चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत राहू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नको. पण टोपी त्याच दिवशी बसली होती. 'को' म्हणायला तोंडाचा चंबू करावा लागतो आणि तो माझ्याने होईना. तिला ऐकू आलं, नक्की. मी घाईघाईने नको, नको म्हटलं, तर नक्की, नक्की झालं. 'मला वाटलं होतं तुम्ही कुरकुर कराल, पण तुमचं मन मोठं आहे,' असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोन करून दुरुस्ती करायची, तर आयता पदरात पडलेला मोठेपणा परत करायला जीव होईना. आणि तुमच्या डोळ्यांवरून भांडण्याइतका मी हलका माणूस नाही, निदान तुमच्या देखत नाही.

असो. जास्त बोलायची बंदी आहे म्हणून लिहिण्यात सगळं निघालं. प्रकृतीला जपावं, लोभ असू द्यावा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. दुकानातली धारेची कात्री तिच्या पिशवीतून तिकडे आली आहे. पार्सलने पाठवू नये, धार जाते. इकडे येणारं कुणी असेल तर हातोहात पाठवावी. कोण येणार ते मी सुचवत नाही.

आणखी एक ता. क. हे मोठ्याने वाचू नकोस. दादांचं पत्र वर संपलं. टोपी आता फक्त झोपताना घालायची आहे. तोंड पूर्ण उघडतं, 'नको' अगदी स्वच्छ म्हणता येतं. पण फोनवर तू म्हणशील, मी आहे म्हणून दादांना किती बरं वाटतंय, की माझ्या तोंडून पुन्हा 'नक्की'च निघेल, आणि त्याचा दोष टोपीला देता येणार नाही. म्हणून लिहून कळवतो. मला करमत नाही. तुझ्या स्टुलावर मी कापड ठेवत नाही आणि गिऱ्हाइकाला बसू देत नाही, आणि गिऱ्हाइकं कारण विचारतात. दादांना आता दिसतंय, घरात सून आहे. तू ये. इतका वेळ काय वाचतेस असं दादांनी विचारलं, तर सांग, दातांच्या दवाखान्याचा पत्ता दिलाय.