पिशवीतली बोंडं

९ नोव्हेंबर १९४१, झरी
परभणीला जाऊन आलो. टपाल नाही. प्रोफेसरसाहेबांना (यापुढे प्रो. सा.) हैदराबादेत बसून इथली घाई कळत नाही. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि मलाच 'मियाँ, सबर' म्हणतात. वीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत काढून शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट. सबर कुठून आणू?
दादाच्या शेतातलं सात नंबरचं झाड मात्र झकास. दुसऱ्या झाडाचा पराग येऊ नये म्हणून कळ्यांनाच कापडी पिशव्या बांधल्या होत्या. आता बोंडं फुटतायत. त्या सरकीवर सगळा प्रबंध.

१६ नोव्हें.
कपाळ माझं.
पिशव्या धुऊन कुंपणावर वाळत घातलेल्या. बोंडं गायब. काल मी परभणीत, इकडे पहिली वेचणी. वहिनीनं शेतात दहीभात ठेवला, चांगलं झाड बघून पहिला कापूस महादेवाच्या वातींना घेतला. जन्म याच घरातला, तरी ही रीत ध्यानात आली नाही. फॅक्टरीत कापूस गाडीतून यायचा.
"वहिनी, सरकी कुठंय?"
"गाईला घातली की." वर म्हणते, "देवाच्या कापसाला धूळ लागू नये म्हणून झाकून ठेवला तुमी. लय बरं केलं, भाऊजी."
गल्लीभर सांगून आली. मी देवळाची पायरी चढत नाही ना, म्हणून एवढा आनंद. ओरडायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून कुंपणावरच्या पिशव्या गोळा करायला गेलो.

१७ नोव्हें.
देवघरात वात. "तुमच्याच परीक्षेसाठी लावायलेय," म्हणाली. माझा प्रबंध तेलात जळतोय आणि मी हात जोडून उभा. राग दादावर काढला. तो बिचारा जेवत होता.

२४ नोव्हें.
प्रो. सां.चं पत्र. पिशवीतल्या फुलाचीच सरकी चालेल, नाहीतर पुढच्या हंगामात पहिल्यापासून. त्यांचं काय जातं. मी नोकरी सोडून बसलोय.

२८ नोव्हें.
सात नंबरला उशिराच्या चार-पाच कळ्या. थंडीत धरतील की गळतील, सांगता येत नाही. पिशव्या बांधत होतो, तेवढ्यात वहिनी भाकरी घेऊन आली. खूश.
"ह्या बी देवालाच ना?"
हो म्हटलं असतं तर पुन्हा तेच.
"नाही वहिनी. ह्या मला पाहिजेत. अभ्यासाला."
तिनं एक पिशवी बोटांत धरून पाहिली.
"मग आधीच्या बी?"
भाकरी खात राहिलो. फार वाईट वाटलं. ती बराच वेळ बांधावर बसून होती, मग भाकरीचं फडकं न घेताच घरी गेली.